प्रेअरीवर एकटी, कुत्रीसोबत

नॉर्थ डकोटात ॲलिस नावाचं एक चिमुकलं गाव आहे. जवळून मेपल नदी वाहते. नदी म्हणायचं खरं, आपल्याकडे तिला ओढा म्हणतील. जॉन स्टाइनबेक ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या पुस्तकात सांगतो, की १९६० च्या ऑक्टोबरात त्याने या नदीकाठी मुक्काम टाकला. तिथे त्याला एक भटका नट भेटला, गावोगाव शेक्सपिअरचे उतारे म्हणून पोट भरणारा. दोघांच्या खूप गप्पा झाल्या. मग रात्र, गवताळ माळ, हिरव्या जीएमसी ट्रकच्या पाठीवर बसवलेलं छोटंसं घर, आणि त्यात ५८ वर्षांचा एक लेखक आणि चार्ली नावाचा म्हातारा पूडल. बाकी कोणी नाही.

पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, बिल स्टायगरवॉल्ड नावाचा पिट्सबर्गचा पत्रकार याच रस्त्याने निघाला. त्याला फक्त ‘तेव्हा आणि आता’ छापाचं काहीतरी लिहायचं होतं. पण तारखा जुळवताना त्याला स्टाइनबेकने बायकोला, एलेनला, लिहिलेलं १२ ऑक्टोबरचं पत्र सापडलं. त्या पत्रानुसार साहेब त्या रात्री ॲलिसला नव्हतेच. ते तीनशेहून जास्त मैल पुढे, माँटानाच्या सीमेवरच्या बीच नावाच्या गावात, एका मोटेलात उतरले होते. (गावाचं नाव बीच. समुद्र कुठल्याही दिशेला हजारभर मैल लांब. असो.) मग बाकीचंही उसवत गेलं. स्टायगरवॉल्डच्या हिशोबाने त्या प्रवासाच्या ७५ दिवसांपैकी ४५ दिवस एलेन स्टाइनबेकसोबत होती. न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत पुस्तकाचं हस्तलिखित आहे. त्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रवासात एलेन दिसते. छापील पुस्तकात तिथून ती गायब आहे.

मी पोटापाण्यासाठी लॉग वाचते. दोन सर्व्हरच्या नोंदी जुळत नसल्या, की कोणता खोटं बोलतोय हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असा, की ही विशिष्ट ओळच का बदलली गेली? स्टाइनबेकने हवामान बदललं नाही, ट्रकचं मॉडेल बदललं नाही. त्याने बायको काढली आणि कुत्रा ठेवला. १९६२ साली पुस्तक आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं, आणि ‘एकटा माणूस, चाकांवरचं घर, सोबत कुत्रा, समोर अफाट मैदान’ हे चित्र तेव्हापासून अमेरिकेच्या डोक्यात घट्ट बसलं. आज तुमच्या फोनवर ‘सोलो व्हॅनलाइफ’च्या ज्या रील येतात, त्यांत खिडकीतून डोकं बाहेर काढलेला जो लॅब्राडोर असतो, तो चार्लीचाच नातू.

या चित्राची मलाही भुरळ पडली होती. गेल्या सप्टेंबरात मी मिनिॲपोलिसहून भाड्याची कॅम्परव्हॅन घेतली आणि झिपरीला घेऊन पश्चिमेला निघाले. झिपरी म्हणजे निवारा केंद्रातून आणलेली, कुठल्याच एका जातीत न बसणारी माझी कुत्री. आईचा फोनवर एकच प्रश्न: ‘सोबत कोण आहे?’ मी म्हटलं, झिपरी. ती म्हणाली, ‘अगं, माणूस कोण आहे?’ पुढे दहा दिवस हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत मला पेट्रोल पंपांवर आणि कॅम्पग्राउंडांवर विचारला गेला. नवरा मागून येतोय का? एकटीच? बाप रे, शूर आहेस. याच ठिकाणी एकट्या पुरुषाला ‘मस्त!’ म्हणतात, हेही पाहिलं.

पण हा लेख माझ्या प्रवासाबद्दल नाही. प्रवासात आणि नंतर मी जे वाचत गेले त्याबद्दल आहे. मूळ प्रश्न साधा होता. या मैदानात माणूस एकटा कधीपासून पडायला लागला?

फार्गोहून बिस्मार्ककडे जाताना जवळपास दोनशे मैल रस्ता पट्टीने आखल्यासारखा आहे. डावीउजवीकडे सोयाबीन, सूर्यफूल, मका, कापून ठेवलेल्या गवताचे गोल गठ्ठे. नॉर्थ डकोटाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या आठ लाखांहूनही कमी भरली. एवढे लोक पुण्याच्या एका कोपऱ्यात राहतात. हे पाहून कोणालाही वाटेल, की ही जमीन पहिल्यापासून अशीच रिकामी असणार.

१५४१ साली कोरोनादो हा स्पॅनिश सरदार सोन्याच्या शहरांच्या शोधात दक्षिणेकडच्या मैदानांत शिरला. सोनं मिळालं नाही. मिळाले ते फिरती घरं घेऊन जाणारे लोक. त्याच्या मोहिमेतल्या पेद्रो दे कास्तान्येदाने नंतर लिहून ठेवलं, की हे लोक गव्यांच्या कळपांमागे फिरतात, कातड्याच्या तंबूत राहतात, आणि त्यांची घरं वाहून नेतात ती कुत्री. कुत्र्यांच्या पाठीवर खोगिरासारखं काहीतरी बांधलेलं, तंबूचे वासे मागे जमिनीवर फरफटत जाणारे. त्याने एक बारीकशी गोष्टही टिपली आहे, जी मला सगळ्यात आवडते: ओझं सरकलं, की कुत्रं ओरडून माणसाला बोलवायचं, नीट बांध म्हणून.

म्हणजे प्रेअरीवर चाकांशिवायचं आरव्ही किमान पावणेपाचशे वर्षांपूर्वी नोंदलं गेलं आहे, आणि त्याचं इंजिन कुत्रा होता. इंजिनातून बिघाडाची सूचनाही येत होती.

या गाड्याला ‘त्राव्हॉय’ म्हणतात. फ्रेंच व्यापाऱ्यांकडून आलेला शब्द. दोन लांब वासे, कुत्र्याच्या खांद्यावर त्यांची टोकं एकत्र बांधलेली, मागची टोकं फाकून जमिनीवर टेकलेली, आणि मध्ये जाळी किंवा चौकट. त्यावर सामान. एक चांगलं कुत्रं साधारण पंचवीस-तीस किलो ओढत असे. या एका आकड्याने सगळं ठरायचं. तंबू किती मोठा, सरपण किती, सुकं मांस किती. कुत्र्यांच्या काळातले टिपी लहान असायचे, कारण मोठ्या टिपीचे वासे कुत्र्याला झेपत नसत. पुढे स्पॅनिशांचे घोडे उत्तरेकडे पसरले आणि टिपी मोठे झाले. इंजिनाची ताकद वाढली की घर वाढतं. आज कॅम्पग्राउंडवर बसएवढी आरव्ही पाहिली, जिच्या भिंती बटण दाबल्यावर बाहेर सरकून हॉल मोठा होतो, की मला हाच आलेख आठवतो.

घोडा आला तेव्हा या लोकांनी त्याला काय नाव दिलं असेल? क्री भाषेत ‘मिस्ताटिम’, म्हणजे मोठा कुत्रा. ब्लॅकफूट भाषेतल्या शब्दाचा अर्थ हरणकुत्रा, तेही एल्क हे दांडगं हरीण. लाकोटा भाषेत ‘शुंका वाकान’, पवित्र कुत्रा. आपण पहिल्या मोटारीला बिनघोड्याची गाडी म्हटलं, तसंच हे. नवं यंत्र जुन्याच्या नावाने ओळखायचं.

आता थोडं उत्तरेला, मिसूरी नदीकाठी जाऊ. तिथे हिदात्सा लोक मातीच्या गोल घरांच्या गावांत राहायचे, मका-भोपळा-घेवडा पिकवायचे, आणि शिकारीच्या मोसमात टिपी घेऊन मैदानात उतरायचे. १८३९ च्या सुमारास त्यांच्यात जन्मलेली एक बाई इतिहासात ‘बफेलो बर्ड वुमन’ या नावाने प्रसिद्ध आहे. म्हातारपणी तिने गिल्बर्ट विल्सन या अभ्यासकाला आपलं सगळं आयुष्य सांगितलं. शेती कशी करायची, घर कसं बांधायचं, आणि कुत्री कशी वाढवायची, शिकवायची, जुंपायची. तिच्या हकिगतीवर विल्सनने लिहिलेला हिदात्सांच्या घोड्या-कुत्र्यांवरचा प्रबंध १९२४ साली छापून आला. मी तो झिपरी पायाशी झोपलेली असताना वाचला. तो मला एखाद्या उत्तम मॅन्युअलसारखा वाटला. प्रत्येक बांधणीची आकृती, प्रत्येक पट्ट्याची जागा.

त्यात एक गोष्ट अगदी सहज येऊन जाते: कुत्री बायकांची असत. त्राव्हॉय बायका बनवत, कुत्री बायका पाळत आणि हाकत, नदीकाठचं लाकूड त्याच आणत. मैदानी टोळ्यांमध्ये बहुतेक ठिकाणी टिपीसुद्धा बाईच्या मालकीचा, उभा करणारी तीच आणि मोडून बांधणारीही तीच. पेट्रोल पंपावर मला ‘एकटीच?’ विचारणाऱ्या काकांना हे सांगायला हवं होतं. काका, फिरतं घर आणि कुत्रा ही इथे बाईचीच खाती होती. घरासकट एकट्याने निघालेला पुरुष हा इथला नवा प्रकार.

पण ‘एकटी’ मात्र कोणी नव्हती. गाव हलायचं तेव्हा शेकडो कुत्री, पोरं, म्हातारी माणसं, सगळं एकत्र हलायचं. ज्याने पुण्याच्या रस्त्यावर धनगरांचा वाडा जाताना पाहिलाय, घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या आणि लहान मूल, मागेपुढे मेंढरं आणि बाजूने धावणारी कुत्री, त्याला हे चित्र वेगळं सांगायला नको.

ती कुत्री आता नाहीत. म्हणजे खरोखरच नाहीत. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी युरोपीय लोक येण्याआधीच्या अमेरिकन कुत्र्यांच्या हाडांमधला डीएनए तपासला. निष्कर्ष असा, की हजारो वर्षं तिथे असलेली ती वंशावळ जवळजवळ पूर्ण पुसली गेली आहे. आजची अमेरिकेतली कुत्री, माझ्या झिपरीसकट, मुख्यतः युरोपातून आलेल्या कुत्र्यांची संतती. त्या जुन्या कुत्र्यांच्या सर्वांत जवळचा जनुकीय नातेवाईक आज कोण आहे, हे वाचून मी फोन खाली ठेवला होता. तो आहे एक कर्करोग. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यात सुरू झालेला, आणि समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे पसरत जगभर पोचलेला. भारतातल्या भटक्या कुत्र्यांमध्ये तो सर्रास आढळतो. पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही प्राण्यांच्या डॉक्टरला विचारा, ‘टीव्हीटी’ म्हटलं की ते लगेच ओळखतील.

आता दुसरी कुत्री येतात, आणि त्यांच्यासोबत दुसरे लोक. १८०३ मध्ये मेरिवेदर लुईसने वीस डॉलरला न्यूफाउंडलंड जातीचा एक काळा कुत्रा घेतला आणि तो लुईस-क्लार्क मोहिमेसोबत मिसूरीतून वर, पार पॅसिफिकपर्यंत गेला. कितीतरी वर्षं अभ्यासक या कुत्र्याचं नाव ‘स्कॅनन’ समजत होते. मग एका इतिहासकाराच्या लक्षात आलं, की ही अक्षर वाचण्यातली चूक, नाव ‘सीमन’ म्हणजे खलाशी असं आहे. पुढे १९०३ मध्ये डॉक्टर होरेशिओ नेल्सन जॅक्सन पन्नास डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला मोटारीने ६३ दिवसांत पोचला. अमेरिका आरपार मोटारीने ओलांडणारा पहिला माणूस तो. वाटेत आयडाहोत त्याने बड नावाचा बुलडॉग घेतला आणि धुळीने डोळे येऊ नयेत म्हणून त्याला गॉगल चढवला. तो गॉगल आज स्मिथसोनियनमध्ये आहे. जॅक्सनच्या शेजारच्या सीटवर सुअल क्रॉकर नावाचा मेकॅनिक होता, ज्याच्याशिवाय ती गाडी पहिल्या आठवड्यातच बसली असती. पण फोटो प्रसिद्ध झाला तो कुत्र्याचा. क्रॉकरची गत एलेनसारखीच.

सीमन आणि बड यांच्यामध्ये बरोबर शंभर वर्षं आहेत. त्या शंभर वर्षांत मैदान रिकामं झालं. रिकामं ‘झालं’ हे क्रियापद मराठीत फार सोयीचं आहे, कर्ता लागत नाही. कर्ता होता. कोट्यवधी गवे होते. विल्यम हॉर्नडेने १८८९ मध्ये मोजदाद केली तेव्हा पाळीव आणि संरक्षित धरूनही जेमतेम हजारभर उरले होते. कातड्यांचा व्यापार, रेल्वे, आणि गवा संपला की त्यावर जगणारे लोक आपोआप राखीव प्रदेशात जाऊन बसतील हा उघड बोलून दाखवलेला हिशोब. तो हिशोब बरोबर निघाला.

मग जमिनीवर चौकटी आल्या. १७८५ च्या कायद्याने जमीन मोजायची पद्धत ठरली: सहा मैल बाय सहा मैलांचे तुकडे, प्रत्येकात एक चौरस मैलाचे ३६ भाग. नदी, टेकडी, गव्यांची वाट, कशाचाही विचार नाही. विमानातून मिडवेस्ट पाहिलात तर दिसणारं बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र ते हेच. माझ्या धंद्यात याला आम्ही आधी स्कीमा लिहिणं आणि मग वास्तव त्यात कोंबणं म्हणतो. वास्तव बंड करतंच. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तर-दक्षिण रेषा वर जाताना जवळ येतात, त्यामुळे चौकटी बसेनात. मग ठराविक अंतरावर दुरुस्तीच्या रेषा टाकाव्या लागल्या. आजही ग्रामीण रस्त्यावर सरळ जाताना मध्येच विनाकारण एक डावं, एक उजवं वळण येतं आणि रस्ता पुन्हा सरळ होतो, तो बऱ्याचदा या दुरुस्तीचा व्रण असतो.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने या चौकटीतले १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागले. अट एकच: पाच वर्षं त्याच जमिनीवर राहायचं आणि ती कसायची. एकट्या बाईलाही अर्ज करता येई, आणि हजारो बायकांनी केला. मला विचार करायला लावलं ते ‘त्याच जमिनीवर राहायचं’ या शब्दांनी. कारण युरोपातून आलेला शेतकरी काय, आपल्याकडचा काय, तो गावात राहतो आणि शेतावर जातो. इथे मात्र प्रत्येक कुटुंब आपापल्या चौकटीत, शेजारी अर्धा-एक मैल लांब, मध्ये हिवाळा. १८९३ साली ई. व्ही. स्मॅली या पत्रकाराने ‘अटलांटिक मंथली’त प्रेअरीवरच्या एकाकीपणावर एक लेख लिहिला. वेड लागणारी माणसं, बोलायला कोणी नसलेल्या बायका, पांढऱ्या हिवाळ्यातल्या त्या झोपड्या. त्याने सुचवलेला उपाय कवितेसारखा वगैरे नव्हता. त्याचं म्हणणं असं, की घरं एकत्र आणा, गाव करा.

म्हणजे प्रेअरीचा प्रसिद्ध एकाकीपणा हा गवतात उगवलेला नाही. आधी तिथले लोक हटवून आणि मग नव्यांना चौकटीत वाटून तो कायद्याने तयार झाला. नकाशा बनवणाऱ्याने घरांमधलं अंतर ठरवलं आणि शंभर वर्षांनी आम्ही त्या अंतराला ‘मोकळा श्वास’ म्हणत तिथे सुट्टी घालवायला जातो. मीही गेले, आणि तो श्वास मला खरंच आवडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्री आकाशगंगा दिसली. कोणाचाही आवाज नव्हता.

आरव्हीच्या जगात ‘विनेबेगो’ हे नाव आपल्याकडच्या ‘झेरॉक्स’सारखं आहे, कंपनीचं नाव आणि वस्तूचं नावही तेच. कंपनी आयोवातल्या फॉरेस्ट सिटीची, १९५८ ची. १९६६ पासून ती इंजिनवाली फिरती घरं बनवू लागली आणि ती मध्यमवर्गाला परवडू लागली. नाव घेतलं जिल्ह्याचं, विनेबेगो काउंटी. आणि जिल्ह्याला नाव मिळालं ते विनेबेगो लोकांवरून. हेही त्यांनी स्वतःला दिलेलं नाव नाही, ते स्वतःला हो-चंक म्हणतात. या लोकांचं एकोणिसाव्या शतकातलं प्रवासवर्णन असं: विस्कॉन्सिनमधून १८४० मध्ये आयोवात हलवले. १८४८ मध्ये आयोवातून मिनेसोटात, लाँग प्रेअरी नावाच्या ठिकाणी. १८५५ मध्ये मिनेसोटातच ब्लू अर्थला. तिथे शेती बसली, तेवढ्यात १८६२ चं डकोटा युद्ध झालं, आणि त्यात यांचा भाग नसतानाही १८६३ मध्ये साउथ डकोटातल्या क्रो क्रीकला. तिथे उपासमार. उरलेले जीव वाचवून नेब्रास्कात पळाले आणि १८६५ मध्ये तिथे त्यांना जमीन मिळाली. पंचवीस वर्षांत पाच घरं. मग शंभर वर्षांनी त्यांचं नाव चाकांवरच्या हौसेच्या घरावर, मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. माझ्या पुढे एक विनेबेगो जवळजवळ तासभर होती. ओव्हरटेक करता येत नव्हतं, त्यामुळे वाचायला वेळ भरपूर होता.

आणि स्टाइनबेक? त्याला हे अगदीच कळत नव्हतं असं नाही. उलट त्यालाच जास्त कळायला हवं होतं. १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये त्यानेच चाकांवरच्या घराची सगळ्यात दारुण गोष्ट लिहिली आहे. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब, दुष्काळ, बँक आणि ट्रॅक्टर यांनी कुळाची जमीन काढून घेतलेली. जुनी हडसन मोटार कापून केलेला ट्रक, त्यावर आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत डझनभर माणसं, गाद्या, भांडी, आणि एक कुत्रा. तो कुत्रा पहिल्याच पेट्रोल पंपावर एका मोठ्या मोटारीखाली मरतो. मोटार थांबत नाही.

एकवीस वर्षांनी तोच लेखक, ट्रकच्या पाठीवरचं घर, कुत्रा. पण यात जोड कुटुंबातलं कोणी नाही. कुत्रा मरत नाही, तो फ्रेंच जन्माचा आहे आणि त्याच्या मूत्राशयाच्या दुखण्यासाठी डॉक्टर शोधले जातात. ट्रकला डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव दिलंय, रोसिनान्ते. हा ट्रक आज कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात उभा आहे, चकचकीत. जोडांचा ट्रक अर्थात कुठल्याच संग्रहालयात नाही, तो कादंबरीतला. पण तसे हजारो खरे होते आणि तेही नाहीत. मला ‘चार्ली’ आवडतं, परत वाचेन. फक्त स्टाइनबेकची खरी थाप भटक्या नटाची नाही, असं मला वाटतं. नट खपून जातो. माणसं भरलेल्या ट्रकचा लेखक रिकाम्या ट्रकचा नायक झाला आणि तेच जास्त वाचलं गेलं, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचू विंचवात फरक असतो. रेड रिव्हरच्या खोऱ्यात दर शरद ऋतूत साखरेच्या बिटाची काढणी होते. तेव्हा आरव्हीत राहणारी, बऱ्याचदा साठीच्या पुढची माणसं बारा-बारा तासांच्या पाळ्या करायला येतात. जेसिका ब्रुडरने २०१७ च्या ‘नोमॅडलँड’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यावरच्या सिनेमाला ऑस्कर मिळालं. पश्चिमेला विलिस्टनच्या बाजूला २००८ नंतर तेलाची लाट आली तेव्हा घरंच नव्हती, माणसं उणे तीसमध्ये आरव्हीत आणि गाड्यांमध्ये झोपायची. एका कॅम्पग्राउंडवर माझ्या शेजारच्या प्लॉटवर असंच एक जोडपं होतं, बिटाच्या पाळ्या सुरू व्हायची वाट बघणारं. मी सुट्टीवर आलेय म्हटल्यावर बाई छान हसल्या आणि त्यांनी झिपरीला बिस्किट दिलं. विषय तिथेच संपला.

बिस्मार्कहून हायवे ८३ ने उत्तरेला गेलं की तासा-दीड तासात गॅरिसन धरण येतं. मातीचं, दोन मैलांहून लांब. त्याच्या मागे लेक साकाकाविया, पावणेदोनशे मैलांच्या आसपास लांबीचा जलाशय. साकाकाविया ही लुईस-क्लार्कसोबत गेलेली तरुण शोशोनी मुलगी. मोहिमेला ती भेटली ती हिदात्सांच्या गावात, इथून जवळच. जलाशयाच्या काठाने आरव्हीसाठी उत्तम कॅम्पग्राउंडं आहेत. वीज, पाणी, सांडपाणी टाकायची सोय, प्रत्येक जागेला नंबर. कुत्रा चालतो, साखळीत हवा.

या पाण्याखाली लाइक-अ-फिशहुक नावाचं गाव आहे. १८३७ च्या देवीच्या साथीतून वाचलेले हिदात्सा आणि मँडन, आणि नंतर अरिकारा, इथे एकत्र राहायला आले होते. बफेलो बर्ड वुमन इथेच वाढली, कुत्र्यांना जुंपायला इथेच शिकली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारने कुटुंबांना वेगवेगळ्या जमिनींवर वाटून दिलं आणि गाव उठलं, पुन्हा तीच चौकट. मग लोक नदीकाठी एल्बोवुड्सच्या आसपास रुजले. शाळा, दवाखाना, सुपीक गाळाची शेती. ती १९३२ मध्ये वारली, त्यामुळे पुढचं तिला पाहावं लागलं नाही.

२० मे १९४८ चा एक फोटो आहे. वॉशिंग्टनमध्ये मंत्री क्रुग करारावर सही करत आहेत. फोर्ट बर्थोल्डच्या तीन टोळ्यांची दीड लाखाहून जास्त एकर जमीन धरणासाठी जाणार आहे. बाजूला टोळ्यांचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट उभे आहेत, सूट घातलेले, आणि ते चष्म्याखाली हात धरून रडत आहेत. धरणग्रस्त हा शब्द मराठीला पाठ आहे, कोयनेपासून. इंग्रजीत त्यासाठी इतका नेमका एक शब्द मला सापडला नाही.

१९५३ मध्ये पाणी चढायला लागलं. एल्बोवुड्स बुडालं. बुडण्याआधी पुरातत्त्ववाल्यांनी लाइक-अ-फिशहुकमध्ये शक्य तेवढं उत्खनन उरकून घेतलं. लोकांना वरच्या माळरानावर, ‘न्यू टाउन’ नावाच्या नव्या गावात आणि आजूबाजूच्या चौकटींत हलवलं. नदीकाठचं सरपण, रानफळं, शेजार, सगळं खाली राहिलं. मध्ये जलाशय पसरल्यामुळे एकाच राखीव प्रदेशातली वस्ती तुकड्यांत विभागली गेली, आणि पूर्वी घटकेत भेटणाऱ्या नातेवाइकांकडे जायला पाण्याला वळसा घालून लांबचा रस्ता धरावा लागू लागला. एल्बोवुड्सचा दवाखाना गेला, त्याच्या जागी नवा यायला २०११ उजाडलं. त्याला नाव दिलंय एल्बोवुड्सचंच.

स्टाइनबेक १९६० मध्ये बिस्मार्कपाशी मिसूरी ओलांडून गेला. या नदीवर पूर्व संपते आणि पश्चिम सुरू होते, असं त्याने लिहिलं आहे. जलाशय तेव्हा भरत होता, वरच्या अंगाला, साधारण सत्तर मैलांवर. तो तिकडे वळला नाही, सरळ बीचच्या मोटेलाकडे गेला. मी वळले. झिपरी काठावर बराच वेळ वास घेत होती, मग पाण्यात उतरली, आणि साखळी सहा फुटांची असल्यामुळे मलाही घोट्याइतकं उतरावं लागलं. पाणी थंड आणि स्वच्छ होतं, तळाचे गोटे दिसत होते. शेजारी एक कुटुंब बोट उतरवत होतं. त्यांनी विचारलं, एकटीच?